मंडळीत ‘ऐकणाऱ्यांचा गट’ कसा उभारावा

मराठी ख्रिस्ती मंडळीत कोणाच्या घरी मृत्यू झाला की पहिल्या आठवड्यात कशाचीही उणीव पडत नाही. तरुण संघाची मुले कबरस्तानातल्या खोदकामापासून खुर्च्या-मंडपापर्यंत सगळे पाहतात, महिला मंडळ शेजारच्या घरात पिठले-भाकरी करून आणते, पाळकसाहेब दोनदा येऊन जातात, रात्री पेटी घेऊन भजनाला माणसे बसतात आणि मातीच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नसते. मग सांत्वनाची प्रार्थना होते, पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि त्या घरातल्या बाईला ज्या दिवसांत खरोखर कोणाची तरी गरज असते, त्या सहाव्या-सातव्या आठवड्यात, दाराची कडी कोणीच वाजवत नाही. मंडळी निर्दय असते म्हणून हे घडत नाही. ते काम कोणाच्याही नावावर नसते म्हणून घडते. ते काम चार-सहा माणसांच्या, म्हणजे ‘ऐकणाऱ्यांच्या गटाच्या’, नावावर कसे लावावे, त्यांना काय शिकवावे आणि कुठे थांबायला सांगावे, हे मी पुढे मांडत आहे. मी प्रॉटेस्टंट मंडळीत बरीच वर्षे वडील (म्हणजे मंडळीची देखरेख पाहणारा एल्डर) म्हणून काम केले आहे, त्यामुळे शब्द त्या परंपरेतले येतील. कॅथलिक धर्मग्रामातही यातले बहुतेक सारे तसेच लागू पडते आणि जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. मंडळी हे रुग्णालय नव्हे आणि पाळक हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. पण ज्याला आपण मन सावरणे, पुन्हा उभे राहणे म्हणतो, त्याचा मोठा भाग औषधाच्या कक्षेबाहेर घडतो, आणि तिथे मंडळीइतकी सोयीची जागा गावात दुसरी क्वचितच असते. केडगावचे मुक्ती मिशन याचे आपल्या घरचे उदाहरण आहे. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती अशी माणसे एकामागून एक गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, विधवा, अत्याचार सोसलेल्या मुलींना तिथे आणले. मुक्तीविषयी बोलताना आपण बहुधा १९०५ च्या प्रार्थना-जागृतीविषयी, तिथे उसळलेल्या सामूहिक प्रार्थनेच्या लाटेविषयी, बोलतो. पण त्याच आवारात छापखाना होता, विणकाम होते, शेती होती, अंध स्त्रियांसाठी शिक्षण होते, आणि प्रत्येक मुलीला पोटभर जेवण, रात्री शेजारी झोपणारे कोणीतरी आणि सकाळी उठून करायला काम होते. त्या मुलींना प्रार्थनेने बळ दिले हे मी मानतो, पण ती प्रार्थना भाकरी आणि माग यांच्या मधोमध उभी होती, हे विसरले की तिचे नुसते नाटक उरते.

गटासाठी माणसे निवडताना मंडळीच्या कमिटीची पहिली चूक ठरलेली असते: जो चांगली प्रार्थना करतो किंवा चांगला संदेश (प्रवचन) देतो त्याचे नाव पुढे येते. ज्याला बोलता उत्तम येते, त्याला गप्प बसणे सर्वांत अवघड जाते. त्याऐवजी उपासना संपल्यावर लोक कोणाजवळ रेंगाळतात ते दोन-तीन रविवार पाहावे. तशी एखादी निवृत्त परिचारिका, शब्बाथशाळेची शिक्षिका, स्वतः मूल गमावलेले एखादे जोडपे, कमी बोलणारा एखादा रिक्षाचालक प्रत्येक मंडळीत सापडतो. शंभर घरांच्या मंडळीला सहा माणसे पुरेत, त्यांतल्या निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, आणि पाळकांनी या सहांत नसावे. पाळकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, कारण काही गोष्टी लोक पाळकांसमोर बोलत नाहीत. विशेषतः ज्या गोष्टी पाळकांविषयीच असतात. ज्याचे स्वतःचे दुःख वर्षभराच्या आतले आहे, त्याला कितीही उत्साह असला तरी थोडे थांबण्यास सांगावे.

शिकवणीसाठी चार शनिवार पुरतात. पहिल्या शनिवारी एकच सराव घ्यावा: दोघादोघांनी समोरासमोर बसावे, एकाने स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या नुकसानीविषयी दहा मिनिटे बोलावे आणि दुसऱ्याने सल्ला, बायबलचे वचन किंवा स्वतःचा अनुभव यांतले काहीही न देता ऐकावे. वाचताना हे सोपे वाटते, पण पुरुष मंडळींपैकी बहुतेक तिसऱ्या मिनिटाला ‘मग तुम्ही असं का नाही केलं?’ वर येतात. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय या वेळी एकत्र वाचावा. मुले आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्याकडून घडलेली चांगली गोष्ट तेवढीच, पुढचे सगळे अध्याय त्यांनी तोंड उघडल्यामुळे लिहावे लागले.

पहिल्या भेटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून असते आणि माझी स्वतःची सर्वांत मोठी चूकही पहिल्या भेटीतलीच आहे. अपघातात पती गेलेल्या एका ताईंकडे मी महिन्याभराने गेलो होतो. बोलता बोलता त्या स्टीलच्या एका डब्याचे झाकण लावत होत्या आणि काढत होत्या. पतीचा दुपारचा डबा तो. इतकी वर्षे पहाटे उठून भरलेला. त्या सांगत होत्या की अजूनही पाचला जाग येते आणि कणीक किती घ्यायची ते कळत नाही. मी ते नीट ऐकून घेण्याआधीच बायबल उघडले आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे वचन वाचतो म्हणालो. ‘वाचा, भाऊ,’ असे म्हणून त्यांनी झाकण घट्ट लावले, डबा फळीवर ठेवला, आणि मी उठेपर्यंत पुन्हा काही बोलल्या नाहीत. वचन खोटे नव्हते. ते त्या ताईंनी स्वतः एखाद्या दिवशी मला सांगायचे होते. मी त्यांना सांगायचे नव्हते.

म्हणून भेटीचा क्रम असा ठेवावा. आधी फोन करून वेळ विचारावी आणि ‘आज नको’ म्हटले तर ते मनाला लावून घेऊ नये. दोघांनी मिळून जावे, स्त्रीकडे जाताना दोघांत एक तरी स्त्री असावी, आणि दार उघडे ठेवावे. चहा नाकारू नये, कारण हातात काहीतरी असले की घरच्या माणसाला बोलणे सोपे जाते. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. नाव घेतले तर रडू येईल म्हणून सगळे गाव ते टाळत असते, आणि घरच्यांना नेमके तेच नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकायचे असते. ‘कसं झालं?’ हे विचारू नये, ते त्यांनी मातीला आलेल्या प्रत्येकाला सांगितलेले असते. ‘रात्री झोप लागते का?’, ‘जेवण कोण करतं सध्या?’, ‘दिवसातली कुठली वेळ जड जाते?’ असे साधे विचारावे. पाऊण तास पुरे. निघताना पुढच्या भेटीचा वार सांगावा आणि तो पाळावा. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य शक्यतो म्हणू नये, कारण ज्याला लागते तो सांगत नाही. त्यापेक्षा ‘गुरुवारी बँकेत तुमच्याबरोबर येतो’ हे म्हणावे. खाते, विमा, मृत्यूचा दाखला, शाळेची फी, या कामांत बरोबर उभे राहणे हासुद्धा आत्मिक सेवेचाच भाग आहे.

जे बोलायचे नाही त्याची यादी आपल्याकडे दुर्दैवाने तयारच असते. ‘देवाला तो जास्त प्रिय होता’, ‘देवाची इच्छा’, ‘तुम्ही धीर सोडला तर मुलांनी कोणाकडे पाहायचं?’, ‘निदान दुसरं मूल तरी आहे’, आणि सर्वांत वाईट, ‘कुठेतरी विश्वास कमी पडला असेल’. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला विचारले होते की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी; आणि त्याने दोन्ही नाकारले. योहानाच्या नवव्या अध्यायातला हा प्रसंग आपण वर्षानुवर्षे वाचतो आणि तरीही आजाऱ्याच्या उशाशी बसून तोच प्रश्न पुन्हा विचारतो.

प्रार्थना भेटीच्या शेवटी करावी आणि विचारून करावी. ‘आज प्रार्थना करू का?’ आणि त्यानंतर ‘कशासाठी करू?’ हे दोन प्रश्न विचारले की माणसाला आपण आपल्या कार्यक्रमासाठी आलेलो नाही हे कळते. उत्तरात जे शब्द आले असतील तेच प्रार्थनेत वापरावेत. ‘मला देवाचा राग आला आहे’ असे कोणी म्हटले, तर तो राग तसाच देवापुढे मांडावा, त्याला गोड करू नये. दोन मिनिटे पुष्कळ झाली. ‘हे प्रभू, या बहिणीच्या मनातील अविश्वास दूर कर’ अशा धर्तीची प्रार्थना म्हणजे डोळे मिटून केलेला उपदेश असतो, आणि समोरच्याला तो बरोबर कळतो.

आजाऱ्यावर तेल लावून प्रार्थना करण्याची रीत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली आहे आणि ती जरूर पाळावी. तिथे मंडळीच्या वडिलांना बोलावण्यास सांगितले आहे, म्हणजे हे बरे करण्याचे वरदान असलेल्या एका माणसाचे काम नसून मंडळीचे आहे. तेल घरातले साधे चालते. बाटलीत भरून विकत दिले जाणारे ‘अभिषेकाचे तेल’ मंडळीच्या दारात येऊ देऊ नये. कॅथलिक परंपरेत रुग्णाला तेल लावण्याचा हा संस्कार धर्मगुरूच देतात, आणि तो मरणाऱ्यासाठीच असतो ही जुनी समजूत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांची १९६२-६५ ची जागतिक सभा), १९७२ मध्ये आलेल्या नव्या विधीने, बदलली आहे. तरीही फादर तेल घेऊन आले की घरचे अजून घाबरतात, म्हणून आधी जाऊन हे समजावून सांगणे ऐकणाऱ्यांच्या गटाला सहज करता येते.

गुप्ततेबाबत मात्र कठोर राहावे. आपल्याकडे बातमी पसरते ती निंदा म्हणून नव्हे, ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून. ‘कोणाला सांगू नकोस हं, फक्त प्रार्थनेसाठी सांगते’ या वाक्याने जितकी घरे उघडी पडली असतील, तितकी भांडणांनीही पडली नसतील. गटातल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी कबूल करावे की भेटीतले काहीही व्हॉट्सॲपच्या प्रार्थना-गटावर जाणार नाही, स्वतःच्या घरी सांगितले जाणार नाही आणि व्यासपीठावरून ‘एका बहिणीची साक्ष’ म्हणूनही येणार नाही. याला अपवाद आहेत आणि ते समोरच्याला आधीच सांगावेत. कोणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता संपते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; तो करणारा मंडळीतला प्रतिष्ठित माणूस असला, मंडळीचा वडील असला, पाळक असला, तरीही. असा विषय कमिटीत ‘आपसांत’ मिटवण्यासाठी बसणे हा त्या मुलावरचा दुसरा अत्याचार आहे, आणि त्या बैठकीला जाण्यास गटाने साफ नकार द्यावा. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे हेल्पलाइन क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर कायम लावलेले असावेत.

आता डॉक्टरकडे कधी पाठवावे ते पाहू. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, माणूस अंघोळ-कामधंदा सोडून बसला असेल, नसलेले आवाज ऐकत असेल, बाळंतपणानंतर आई बाळाकडे पाहत नसेल किंवा काहीबाही बोलत असेल, तर प्रार्थना चालू ठेवून लगेच जिल्ह्याच्या सिव्हिल रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. पहिल्या वेळी बरोबर जावे, रांगेत थांबावे, चिठ्ठीवरची औषधे घेऊन द्यावीत. गोळ्या घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, हे जिथे शिकवले जाते तिथे विचारावे की मिरजेला, वेल्लोरला मिशनांनी मग रुग्णालये कशासाठी बांधली, आणि बायबलमध्ये पौलाने लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा का केला. प्रार्थनेने बरे वाटू लागले म्हणून औषध बंद करण्याचा निर्णय फक्त डॉक्टरचा, हे रुग्णापेक्षा त्याच्या नातेवाइकांना अधिक वेळा सांगावे लागते.

आत्महत्येविषयी आपली मंडळी बोलतच नाही, म्हणून हे स्पष्ट लिहितो. ‘आता जगण्यात अर्थ नाही’, ‘मी गेलो तर तुमची सुटका होईल’ असे कोणी म्हणाले तर थेट विचारावे: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले यानेच हायसे वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातले कीटकनाशक त्याच दिवशी घराबाहेर काढावे, घरच्यांना सांगावे आणि रुग्णालयात न्यावे. वेळ नसेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आणि जिथे असा मृत्यू घडलाच, तिथे दफनाच्या जागेवरून वाद घालणाऱ्यांना सांगावे की ज्या कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या नियमसंहितेत अशा मृतांना चर्चचा अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती, त्याच चर्चने १९८३ च्या संहितेतून ती काढून टाकली.

दारूच्या बाबतीत एक धोका फार थोड्यांना माहीत असतो. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस उपास-प्रार्थनेत उभा राहतो, ‘आजपासून थेंबही नाही’ म्हणतो, सगळे टाळ्या वाजवतात. आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. असा निर्धार झाला की त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरकडे न्यावे. त्यानंतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर मदतीच्या गटाची) सभा जवळपास कुठे भरते ते शोधावे, नसेल तर मंडळीचा हॉल आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना द्यावा, आणि तो तास आत कोण बसले आहे हे पाहायला कोणी डोकावू नये. दारुड्याच्या बायकोसाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट असतो. तिला सहसा सगळे विसरतात.

भूतबाधेचा विषय निघाला की आवाज चढतात. माझे म्हणणे एवढेच आहे की आधी डॉक्टर, आणि कोणत्याही परिस्थितीत मारणे, बांधणे, उपाशी ठेवणे, केस ओढणे नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो कायदा सर्व धर्मांच्या माणसांना सारखाच लागू आहे. कॅथलिक नियमानुसार बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणताही धर्मगुरू असा विधी करू शकत नाही. आपल्याकडच्या स्वतंत्र प्रार्थनाघरांत मात्र कोणीही उठून तो करतो.

व्यक्तीव्यक्तीच्या भेटींइतकेच उपासनेतही दुःखाला जागा हवी. आपली भजने बहुतेक विजयाची आणि आभाराची असतात, आणि ज्याचे घर नुकतेच मोडले आहे त्याला ती गाता येत नाहीत. मग तो मागच्या बाकावर बसतो आणि काही आठवड्यांनी येणेच सोडतो. स्तोत्रसंहितेत मात्र विलापाची स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर कसलाही दिलासा न देता अंधाराशीच थांबते. वर्षातून एकदा, उत्तम शुक्रवारच्या आधीच्या आठवड्यात किंवा २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, सुमारास, विलापाची उपासना ठेवावी: अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे, वर्षभरात गेलेल्यांची नावे घ्यावीत, गर्भात गेलेल्या बाळांसाठीही एक मेणबत्ती लावावी, संदेश ठेवू नये, आणि मधली शांतता पेटीने भरू नये. टाळ-मृदंगावर अभंग गाण्याची जी वाट रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्यांनी आपल्याला करून दिली, ती अशा दिवशी फार उपयोगी पडते, कारण आर्ततेची चाल आपल्या कानांत आधीपासून असते.

शेजारी ख्रिस्ती नसेल तरी भेट द्यावी, पण त्याचे दुःख ही आपली संधी मानू नये. धर्मप्रचाराच्या पत्रिका नेऊ नयेत, उपासनेचे आमंत्रण देऊ नये, आणि त्याने स्वतः सांगितल्याशिवाय मोठ्याने प्रार्थनाही करू नये.

ऐकणारे स्वतः थकतात. महिन्यातून एकदा गटाने बसावे, नावे न घेता जे जड झाले ते बोलावे, आणि कोणाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त घरे ठेवू नयेत. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा खायला उठवले. पाळकांनाही वर्षातून काही दिवस रजा आणि स्वतःचे बोलण्यासाठी मंडळीबाहेरचा एखादा माणूस असावा, ही व्यवस्था कमिटीने करावी.

शेवटी वहीची गोष्ट. गटाकडे एक साधी वही असावी आणि तीत भेटीतले काही न लिहिता फक्त तारखा लिहाव्यात: गेलेल्या माणसाचा वाढदिवस, लग्नाचा दिवस, वर्षस्मरण. त्याच्या आदल्या दिवशी फोन जावा. पहिल्या नाताळाची नोंद वेगळी करावी. घरोघरी गाणी म्हणत फिरणारी मुले दुःख असलेले घर मुद्दाम टाळून पुढे जातात, आणि आतली माणसे दार उघडून वाट पाहत असतात. म्हणून आधीच जाऊन विचारावे की मुलांना पाठवू का, आणि कोणते गाणे नको. त्या घरी त्या वर्षी करंज्या होत नाहीत. फराळाचा डबा आपण न्यावा, तो रिकामा करून लगेच परत मागू नये, आणि तो घेण्यासाठी जानेवारीत पुन्हा जावे.